बाहीखालचा हात

"कानावर हे काय झालंय, काटेवाले?"

न्हाव्याने कात्री थांबवून आरशातून विचारलं. काटेवाल्यांनीही आरशातूनच त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"कुठे काय झालंय?"

"हे काय, उजव्या कानाच्या वरच्या कडेला. खपली धरलीय. मागच्या महिन्यातही होती, त्याच्या आधीही होती."

"मग त्याच्या आधी तुमचाच वस्तरा लागला असणार."

"कानाच्या टोकाला माझा वस्तरा कशाला जातोय?" न्हावी हसला. "भरत नाहीये ती जखम. एकदा कुणाला तरी दाखवा."

"बाजूचे केस बारीक करा. परवा शर्यत आहे."

दुकानातून बाहेर पडेपर्यंत काटेवाल्यांचं ठरून गेलं होतं. आधी कान कापायचा आणि मग लोकांनी विचारायच्या आत आपणच काळजीचा आव आणायचा, ही त्या न्हाव्याची युक्ती होती. पुढच्या वेळी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जायचं.

त्यांचा स्वभावच तसा झाला होता, आणि त्याला कारण त्यांची नोकरी. गावाबाहेरच्या वजनकाट्यावर ते एकतीस वर्षं होते. ट्रक काट्यावर चढायचा, आकडा पडायचा, ते पावती फाडायचे. भरलेला ट्रक तोलताना आत दोन ड्रायव्हर बसलेले असायचे आणि रिकामा तोलताना एकच. दुसरा तेवढ्यात चहाच्या टपरीकडे सटकलेला. येताना पाण्याचं पिंप काठोकाठ भरलेलं, जाताना ठणठणीत कोरडं, म्हणजे तो फरक मालाच्या वजनात धरला जायचा. असल्या हजार क्लृप्त्या त्यांनी पकडल्या होत्या. खिडकीतून नुसती नजर टाकली तरी ड्रायव्हरची बोबडी वळायची. लोक त्यांचं नाव विसरून गेले आणि काटेवाले हेच नाव उरलं.

ती केबिन चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद होती. दिवसभर तिच्यात बसून पाय आखडायचे, म्हणून सव्विसाव्या वर्षी ते धावायला लागले आणि मग थांबलेच नाहीत. बनियन, अर्धी चड्डी, डोकं उघडं. रविवारी सकाळी दहाला निघायचे ते ऊन डोक्यावर घेऊनच परतायचे. "ऊन अंगात मुरल्याशिवाय माणूस पक्का होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तलावाला वळसा घालणारी पन्नास किलोमीटरची शर्यत दरवर्षी व्हायची. तिच्यात पन्नाशीपुढच्यांच्या गटात सलग सात वर्षं पहिला नंबर त्यांचा होता. काट्यावर त्यांना कुणी शाबास म्हणत नव्हतं, घरी म्हणायची तशी पद्धत नव्हती. वर्षातून एकदा, शर्यतीच्या तंबूत, लाउडस्पीकरवर त्यांचं नाव घेतलं जायचं.

या वर्षी मात्र एक नवा गडी आला होता. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला, गावात येऊन जेमतेम सहा महिने झालेला. त्याला सगळे मोजणीदार म्हणायचे. काटेवाले मात्र पाठीमागे बुजगावणं म्हणायचे. कारण वेशच तसा. मनगटापर्यंत पांढऱ्या बाह्या, हातात मोजे, मानेवर फडकं लोंबणारी रुंद टोपी, काळा चष्मा, आणि उरलेल्या तोंडावर चुन्यासारखं काहीतरी थापलेलं. माणसाचं म्हणून फक्त हनुवटीचं टोक दिसायचं.

"उन्हाला घाबरणाऱ्याने घरात कॅरम खेळावा," काटेवाले धावणाऱ्यांच्या मंडळातल्या पोरापोरींना सांगायचे, आणि ती पोरं हसायची.

शर्यतीच्या सकाळी नंबर घालणारी मुलगी मार्कर घेऊन रांगेतून फिरत होती. प्रत्येकाच्या डाव्या हातावर, कोपराखाली, ती नंबर लिहायची. मोजणीदारांपाशी आली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"हातावर नको. पायावर लिही."

"काका, सगळ्यांचा हातावरच..."

"पायावर लिही, बाळ," म्हणत त्यांनी बाही आणखी खाली ओढली.

दोन माणसं सोडून उभ्या असलेल्या काटेवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. हात दाखवायला कसली लाज?

सात वाजता शिट्टी झाली. वीस किलोमीटरपर्यंत दोघं मागेपुढे होते. जुन्या पंपघराजवळ मोजणीदार रस्ता सोडून भिंतीमागे गेले. काटेवाले समोरच्या पाण्याच्या टेबलापाशी थांबले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं. मग मोजणीदार बाहेर आले, आणि काटेवाल्यांचे डोळे बारीक झाले. बाह्या कोरड्या. तोंडावरचा पांढरा थर ताजा, जाड. चालही जरा मोकळी. दोन तास घामाने निथळलेला माणूस भिंतीमागे जातो आणि घरून नुकताच निघाल्यासारखा बाहेर येतो? अठ्ठेचाळीसाव्या किलोमीटरला तोच पांढरा वेश त्यांच्या शेजारून निघून गेला आणि दोन मिनिटं आधी पोहोचला. लाउडस्पीकरवर पहिलं नाव मोजणीदारांचं आलं.

काटेवाले तंबूमागे बसून बूट सोडत राहिले. पंपघराची भिंत त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि अचानक त्यांना काट्यावरचे ते दोन ड्रायव्हर आठवले.

"दोन माणसं आहेत," घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. "एक सुटला, दुसरा पोहोचला. भिंतीमागे बदलले. भाऊ असेल, नाहीतर मेहुणा. तोंडच दिसत नाही तर ओळखणार कोण?"

बायको शाळेचे गणवेश शिवायची. दातात धरलेला दोरा तोडून ती म्हणाली, "अहो, हरलात तर हरलात. सत्तावन्न झाली आता."

"हरण्याचा प्रश्न नाही. कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुम्हाला तर माझ्या आमटीतसुद्धा पाणी मुरताना दिसतं. आणि उशीच्या अभ्र्यावर परत रक्त लागलंय. काय आहे ते कानाचं?"

"काही नाही. न्हाव्याने कापलंय."

त्याच संध्याकाळी त्यांनी तक्रार लिहिली. काट्यावर लिहायचे तशी, मुद्देसूद. पंपघर, तीन मिनिटं, कोरड्या बाह्या, हातावर नंबर न घालू देणं. शेवटी लिहिलं, 'ओळखीची काही खूण असल्याशिवाय कुणी हात लपवत नाही. सदर इसमाने डावा हात उघडा करून दाखवावा, म्हणजे खरंखोटं होईल.'

पुढच्या शनिवारी मंडळाच्या खोलीत सगळे जमले. खोली म्हणजे मैदानाच्या कडेचं गोदामच. एका भिंतीला निशाणं आणि दोऱ्या, दुसरीला पाण्याची रिकामी पिंपं. मंडळाच्या अध्यक्षा एकेकाळी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि अजून सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. त्यांनी तक्रार वाचून दाखवली. वाचताना त्यांचा आवाज मध्येच हळू झाला. काटेवाल्यांनी तेही टिपलं. सिस्टर आतून मिळालेल्या दिसतात.

"मी सांगते, शर्यत ह्यांनीच धावून पूर्ण केलीय," सिस्टर म्हणाल्या. "मला खात्री आहे. आपण इथेच थांबूया."

"खात्री कशी?" काटेवाल्यांनी विचारलं. "तुम्ही बरोबर धावलात का?"

"काटेवाले, मी सांगतेय ना."

"सांगण्यावर काटा चालत नाही, सिस्टर."

मागे कुणीतरी हसलं.  मोजणीदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, चष्मा काढला. सावळा, शांत, साठीचा चेहरा.

"पंपघरामागे मी मलम लावायला थांबलो होतो," ते म्हणाले. "दर दोन तासांनी परत लावावं लागतं. घामाने निघून जातं. ओल्या बाह्यांतून ऊन आत येतं, म्हणून त्याही बदलतो. पिशवी आदल्या दिवशी तिथे ठेवून आलो होतो. सिस्टरना नाव नोंदवतानाच सांगितलं होतं."

"आणि हात?" काटेवाले म्हणाले.

सिस्टर म्हणाल्या, "गरज नाही."

"असू दे, सिस्टर." मोजणीदार उभे राहिले. आधी मोजा काढला, मग बाही कोपराच्या वर सरकवली.

मनगटापासून कोपरापर्यंत हात खोल खचलेला होता. मांस खरवडून काढावं आणि वर दुसऱ्याच कुणाचं कातडं ताणून शिवावं, तसा. ते कातडं गुळगुळीत, फिकट, जाळीसारख्या रेघांचं होतं. कडेने टाक्यांचे व्रण. नंबर लिहायला तिथे धड जागाही नव्हती.

"त्वचेचा कॅन्सर," मोजणीदार म्हणाले. "चौतीस वर्षं उन्हात जमीन मोजली, सुट्टीच्या दिवशी उन्हातच धावलो. मलाही वाटायचं, ऊन मुरलं की माणूस पक्का होतो. एक चट्टा आला, दोन वर्षं भरला नाही. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मांडीचं कातडं काढून इथे बसवलंय. मुठीत जोर येत नाही. पाण्याचा पेला उजव्याने धरतो."

 नंबर घालणारी मुलगी खाली बघत होती. मोजणीदारांनी बाही ओढली, पण मोजा काही केल्या चढेना. तो एका हाताने चढवायला वेळ लागत होता, आणि सगळ्या खोलीला ते बघत बसावं लागलं.

जाताना ते काटेवाल्यांपाशी थांबले. त्यांच्या तोंडाकडे न बघता मोजणीदारांनी कानाकडे बघितलं.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"लागलंय काहीतरी."

"किती दिवसांपासून?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"लवकर दाखवा," एवढंच म्हणून ते गेले.

काटेवाले घरी आले ते धुमसतच. लाज वाटत होती हे खरं, पण लाजेच्या आधी संशय आला. चारचौघांत हात दाखवायला लावला म्हणून आता घाबरवतो आहे! आपला कॅन्सर दुसऱ्याच्या कानाला चिकटवतो! त्यांनी दार लावून आरशात पाहिलं. कानाच्या कडेवर मसुराएवढा खडबडीत उंचवटा होता. खपली नखाने उचलली तर खाली ओलं लाल. महिना? दोन महिने? त्यांनी आठवून पाहिलं. गाड्यांची वजनं त्यांना वर्षानंतरही तोंडपाठ असायची, पण हे कधी सुरू झालं ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी ते न्हाव्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

"केस तर आत्ताच कापलेत," न्हावी म्हणाला.

"खरं सांगा. पहिल्यांदा कधी बघितलंत तुम्ही?"

न्हाव्याने हातातला टॉवेल झटकला. "गारठ्याच्या दिवसांत. पाच महिने तरी झाले. तीनदा बोललो मी. एकदा तर तुम्ही उठून गेलात."

"तुमचा वस्तरा नव्हता?"

"काटेवाले, कानाला मी वस्तरा लावतच नाही. मशीन लावतो."

त्वचेच्या डॉक्टरने भिंग लावून पाहिलं, मानेच्या गाठी चाचपल्या आणि कानाचा बारीक तुकडा तपासणीला पाठवला. चिठ्ठी आली तेव्हा काटेवाल्यांनी ती डॉक्टरच्या हातातून घेतली, नाव तपासलं, तारीख तपासली, दुसऱ्याचा तुकडा तर नाही ना असं दोनदा विचारलं. मग दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात गेले आणि तिथे पहिल्या तपासणीचं अवाक्षर काढलं नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही भिंग लावलं, तुकडा काढला. आठवड्याने तोच शब्द समोर आला, कॅन्सर. काटा दोन्हीकडे तोच आकडा दाखवत होता.

"उन्हाने?" त्यांनी विचारलं.

"तीस वर्षांच्या उन्हाने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाक, खालचा ओठ, मान आणि कान. धावणाऱ्यांना इथेच होतं. साध्या टोपीनेही कान झाकले जात नाहीत, आणि तुम्ही तर तीही घालत नाही. लवकर आलात, तसं म्हणायला हरकत नाही. अजून वर्षभर काढलं असतंत तर मी हे बोलले नसते."

"लवकर मी आलो नाही," काटेवाले म्हणाले. "मला पाठवलं."

कानाचा वरचा तिसरा हिस्सा कापला गेला. टाके निघाल्यावर बायकोने पट्टी सोडली आणि बघितलं. नुसती पट्टीची गुंडाळी करत राहिली. मग म्हणाली, "चष्मा राहील का हो?"

चष्मा राहीना. एका बाजूला कलायचा. दुकानदाराने काडीला एक आकडा बसवून दिला.

जरा बरं वाटायला लागल्यावर काटेवाले मोजणीदारांच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं, तेही अर्धंच.

"ते घरी नाहीत."

"मी काटेवाले. मला त्यांना..."

"ओळखलं मी. त्या दिवसापासून ते मंडळात येत नाहीत. इतकी वर्षं मलासुद्धा तो हात उजेडात नीट बघू दिला नव्हता त्यांनी. तुम्ही गोदामात पंधरा लोकांना दाखवायला लावलात."

काटेवाल्यांची मान खाली गेली, आणि खाली गेली म्हणून त्यांना उंबऱ्याशेजारचे बूट दिसले. मोजणीदारांचे धावायचे बूट, लेस ओली, कडेला ताजा चिखल. माणूस आत होता. एकतीस वर्षांत असा समोर आलेला पुरावा त्यांनी कधी सोडला नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "नसतील घरी," आणि पायऱ्या उतरले.

पुढचं सगळं वर्ष मोजणीदार तलावाच्या पलीकडच्या काठाने एकटेच धावत होते, असं लोक सांगायचे. काटेवाल्यांनी आपलं वेळापत्रक उलटं केलं. उजाडायच्या आत निघायचं, ऊन चढायच्या आत घरी. निघण्याआधी अर्धा तास मलम. दोन बोटांवर लांब रेघ काढून तेवढं तोंडाला आणि मानेला, कानामागे वेगळं, ओठांना वेगळं. कापलेल्या कानाची उरलेली कड ते दोनदा माखायचे. नळीवरची तारीख ते रोज तपासायचे. दुकानदाराने जुना माल खपवला नसेल कशावरून? मलम डोळ्यांत उतरून चुरचुरायचं, तेव्हा ते एखादी शिवी हासडायचे आणि पुन्हा लावायचे. दर तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई मान चाचपायच्या. त्या दोन मिनिटांत ते बाईंच्या चेहऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचे, काही लपवताहेत का म्हणून.

शर्यत सातऐवजी पहाटे साडेचारला सोडावी, वाटेत दोन ठिकाणी सावलीचे मांडव आणि मलम ठेवावं, असा अर्ज त्यांनी मंडळाला दिला. सिस्टरनी तो एका बैठकीत मंजूर केला. काटेवाल्यांनी आणखी एक मागितलं.

"सुटण्याआधी दोन मिनिटं मला लाउडस्पीकर हवा."

"त्याची काही गरज नाही हो. लोक विसरलेत."

"मी तक्रार वाचायला लावली होती ना? मग हेही ऐकू दे."

शर्यतीच्या पहाटे दिव्याखाली दोनशे माणसं उभी होती. काटेवाल्यांनी टोपी काढली, कापलेल्या कानाची बाजू पुढे येईल असे उभे राहिले.

"मागच्या वर्षी मी एका माणसावर खोटा आळ घेतला. तो अंग झाकून धावत होता म्हणून मला वाटलं, काहीतरी लपवतोय. तो दुखणं लपवत होता. मी त्याला चारचौघांत ते उघडं करायला लावलं. त्यानंतरही त्याने माझा कान बघून मला डॉक्टरकडे धाडलं. नाहीतर आज मी इथे नसतो. माझी चूक झाली. एवढंच."

लोक घड्याळं लावत होते, गुडघे वाकवत होते. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींना ऐकूच गेलं नाही. सगळ्यात मागे पांढऱ्या बाह्यांचा एक माणूस पाठ करून बुटाची लेस बांधत होता. त्याने मान वर केली की नाही, ते काटेवाल्यांना दिसलं नाही. शिट्टी झाली.

या वर्षी काटेवाल्यांच्या पायात पूर्वीचा जोर नव्हता. वेळाने ऊन वर आलं. चव्वेचाळीसाव्या किलोमीटरला धान्याच्या कोठारांची लांबच लांब भिंत होती, आणि तिच्या पायथ्याला हातभर रुंदीची सावली. बाकी सगळा रस्ता उन्हाने पांढरा पडलेला. मोजणीदार त्या पट्टीतून, भिंतीला खांदा घासत, आपल्या संथ चालीने धावत होते. काटेवाले मागून आले. दोघांना पुरेल इतकी ती सावली नव्हती, म्हणून ते मुकाट्याने उन्हात उतरले आणि पुढे जायला लागले.

"आत या," मोजणीदार म्हणाले.

काटेवाल्यांनी वळून पाहिलं. चष्म्याआडचे डोळे दिसत नव्हते. कीव तर करत नाही ना हा? की सगळ्यांसमोर चांगुलपणा? पण त्या भिंतीपाशी बघायला कुणीच नव्हतं.

मोजणीदारांनी डावा हात पोटाशी घेतला आणि अंग चोरून भिंतीला आणखी चिकटले. काटेवाले सावलीत आले. दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते. भिंत संपेपर्यंत कुणी पुढे गेलं नाही.